अर्धा चहा टाकून तो उठला

पत्र, थोडक्यात: लिहिणारी मुलगी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. घर कोथरूडला. पहिल्या वर्षापासून सहा जणांचा ग्रुप, कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर रोजचा चहा ठरलेला. त्यातला एक मित्र परभणीकडचा, हॉस्टेलवर राहणारा. ड्रॉइंगच्या शीट्स तिला त्यानेच शिकवल्या. महिन्यापूर्वी कट्ट्यावर स्कॉलरशिपच्या फॉर्मचा विषय निघाला, त्यावरून फीचा, फीवरून आरक्षणाचा. बोलता बोलता ही म्हणाली, "आता तरी हे बंद व्हायला हवं, खरं मेरिट मागे राहतं." मित्राने अर्धा भरलेला कप खाली ठेवला, "माझं सबमिशन आहे" म्हणाला आणि गेला. रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉरवर्डची लढाई जुंपली, एक मैत्रीण ग्रुप सोडून गेली. शेवटी नियम झाला, असले विषय काढायचेच नाहीत. तेव्हापासून तो मित्र कट्ट्यावर येत नाही. लॅबमध्ये भेटला तर कामापुरतं बोलतो. हिचं म्हणणं असं की मी त्याला उद्देशून बोललेच नव्हते, त्याची कॅटेगरी मला माहीतही नव्हती. माझं पहिल्या पसंतीचं कॉलेज अगदी थोडक्यासाठी हुकलं, ते मी बोलायचंच नाही का? घरी बाबा म्हणतात, असल्या भानगडीत पडू नकोस. त्यातच गॅदरिंगची वादविवाद स्पर्धा हिच्याकडे आली आहे आणि सुचवलेला विषय आहे 'आरक्षण: हवे की नको'. तिने विचारलंय, माफी मागायची का, मत तेच ठेवून मागता येते का, आणि ती स्पर्धा घ्यावी का.

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कपापाशी थांबले. ग्रुपवर कोण काय म्हणालं हे तू सविस्तर लिहिलंस, तुझं वाक्य कसं चुकीचं घेतलं गेलं हेही लिहिलंस. त्या मुलाबद्दल पत्रात अगदी थोडं आहे, पण चहा अर्धा होता हे तुझ्या लक्षात राहिलं. म्हणजे काहीतरी बिनसलं हे तुला तिथेच, त्याच क्षणी जाणवलं होतं. त्या जाणिवेवर विश्वास ठेव. पुढच्या महिनाभरात जे युक्तिवाद सुचले ते नंतरचे आहेत.

तू म्हणतेस, मला त्याची कॅटेगरी माहीत नव्हती, म्हणून ते त्याच्याबद्दल नव्हतं. आता हेच त्याच्या जागेवरून बघ. तीन वर्षांची मैत्रीण, सगळ्यांसमोर, "खरं मेरिट" म्हणते. खरं म्हटलं की दुसरं खोटं ठरतंच. त्याच्यापुढे त्या क्षणी दोनच वाटा होत्या. बोलायचं तर आधी आपली जात उघड करायची, आपल्या घराची हकिगत सांगायची, मार्क सांगायचे, आणि तेवढ्यावर मित्र आपल्याला पास करतात का बघायचं. नाहीतर गप्प बसून ऐकायचं. त्याने तिसरी वाट काढली, सबमिशनचं नाव पुढे केलं आणि उठला. तुझ्यासाठी ते मत होतं. त्याला मात्र त्याच क्षणी आरोपी, साक्षीदार आणि पुरावा असं सगळंच व्हावं लागलं असतं. मत दोघांना असू शकतं, पण दोघांना ते सारखं महाग पडत नाही. कॅम्पसवरच्या अशा सगळ्याच चर्चांमध्ये मला सर्वांत आधी हेच दिसतं, म्हणून एवढं लांबवून सांगते आहे.

हे मला कसं कळलं तेही सांगते, कारण त्यात चूक माझी आहे. मी 27 वर्षं एका कॉलेजात शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. ऑफिसमधून निरोप आला की स्कॉलरशिपच्या फॉर्मवर वर्गशिक्षकांच्या सह्या हव्या आहेत, आजच. मी वर्गात गेले आणि म्हणाले, "स्कॉलरशिपवाले, हात वर करा." सत्तर मुलांच्या वर्गात आठ-नऊ हात वर आले, काही पूर्ण, काही नुसते कोपरापर्यंत. बाकीचा वर्ग मागे वळून बघत होता. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा वहीत डोकं घालून लिहीत राहिला. दुपारी तो स्टाफरूमच्या दाराशी उभा. फॉर्म त्याने शर्टाच्या आत धरला होता, घडी घामाने ओली झाली होती. मी सही केली. शिक्का मारून घ्यायला तो ऑफिसच्या खिडकीपर्यंत पोचला तेव्हा खिडकी बंद झाली होती. जाताना तो मला एवढंच म्हणाला, "मॅडम, नुसती नोटीस लावली असती तरी चाललं असतं." माझ्या मनात कोणाचा अपमान करायचं नव्हतं. एकही वाईट शब्द माझ्या तोंडून गेला नव्हता. आवाजसुद्धा चढला नव्हता. तरीही सत्तर जणांसमोर कोण कुठला हे मी हात वर करून दाखवायला लावलं होतं.

त्या दिवसापासून आदराने बोलणं म्हणजे गोड बोलणं, ही माझी समजूत गेली. समोरच्याला न विचारता उदाहरण म्हणून उभं करायचं नाही, यापासून मी सुरुवात करते. शब्दांची निवड त्यानंतर.

आता तुमच्या नियमाबद्दल. 'असले विषय नकोत' यामुळे शांतता झाली असं तुला वाटतंय. तो मित्र कट्ट्यावर येत नाही, मग शांतता कोणासाठी झाली? नियम करताना त्याला विचारलं होतं का? तुझं वाक्य बोलून झाल्यावर दार बंद झालं, त्याचं उत्तर बाहेरच राहिलं. तुझ्या बाबांची काळजी मला कळते, मीही आई आहे. पण वयाच्या विशीत, इतक्या वेगवेगळ्या गावांहून आणि घरांतून आलेली माणसं एका कट्ट्यावर बसतात, हा योग पुन्हा सहसा येत नाही. नोकरी लागली की प्रत्येक जण आपापल्या सोसायटीत आणि आपापल्या नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये जातो, आणि मग दुसऱ्याचं जगणं फॉरवर्डमधूनच कळतं. त्याबद्दल बोलायची जागा हीच आहे.

आणि तुझं दुःख? ते खरं आहे. दोन वर्षं क्लास, पहाटेचा अभ्यास, आणि केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) राउंडच्या यादीत आपलं नाव हव्या त्या कॉलेजसमोर नाही हे बघायचं, यात रडू येण्यासारखंच आहे. ते बोलायचा तुला पूर्ण हक्क आहे. फक्त ते तू बोललीस का, हे आठवून बघ. तू म्हणालीस, "हे बंद व्हायला हवं." तू म्हणायला हवं होतंस, "माझं कॉलेज थोडक्यासाठी हुकलं, मला अजून त्याचा त्रास होतो." पहिल्या वाक्याला उत्तर द्यावं लागतं. दुसरं कोणीही ऐकून घेतं, तो मित्र तर नक्कीच, कारण ज्याने तुला रात्री बसून शीट्स शिकवल्या त्याला तुझी धडपड दिसलेली आहे.

मतावर बोलायचं तर आधी माहिती नीट हवी. कट्ट्यावर निम्मं भांडण चुकीच्या माहितीवर होतं, म्हणून थोडं सांगते. "आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होतं" हे वाक्य तुमच्या ग्रुपवरही आलं असणार. घटनेतली ती दहा वर्षांची मुदत कलम 334 मधली, लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव जागांची. ती दर वेळी वाढवत आणली गेली आहे. शिक्षणासाठीची तरतूद कलम 15(4) मध्ये आहे, ती 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली, आणि तिला मुदत नाही. ती असावी का, यावर जरूर वाद घाला, पण ती होती आणि मोडली असं म्हणू नका. दुसरं, ओपनची जागा म्हणजे ठरावीक जातींची जागा नव्हे. ती सगळ्यांसाठी खुली असते, गुणांवर तिथे कोणीही येऊ शकतो. एखाद्या मुलाची कॅटेगरी कळली म्हणजे तो कुठल्या जागेवर आला ते कळलं, असं होत नाही. आणि आत आल्यावर पेपर तोच, पास व्हायचे गुणही तेच.

दुसऱ्या बाजूच्या वाचकांनाही सांगते, ओपनमधला प्रत्येक मुलगा खात्यापित्या घरचा असतो हेही खोटं आहे. 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना 10 टक्क्यांपर्यंत जागा मिळाल्या, त्या याच गोष्टीची दखल घेऊन. "तुम्हाला काय कळणार" असं म्हणून समोरच्या मुलीचं तोंड बंद केलं, तर तिच्या वडिलांची सुटलेली नोकरी कोणालाच कळत नाही.

ही दुरुस्ती 2022 साली सर्वोच्च न्यायालयात टिकली, तीही 3 विरुद्ध 2 अशी. मंडल आयोगाच्या खटल्यात 1992 साली नऊ न्यायमूर्ती होते, तेव्हाही निकाल एकमताचा नव्हता. देशातली सर्वांत जाणकार माणसं हीच घटना समोर ठेवून वेगवेगळ्या निष्कर्षाला येतात. मला त्यात आवडतं ते असं की अल्पमतातल्या न्यायमूर्तींचं म्हणणं निकालातून वगळलं जात नाही. ते पूर्ण छापलं जातं, बहुमताच्या शेजारीच राहतं, आणि त्यानंतरही न्यायमूर्ती एकमेकांशेजारी बसून पुढचे खटले ऐकतात. मतभेद राहिला म्हणून मैत्री गेलीच पाहिजे असं तू धरून चालली आहेस. तसं काही नाही.

तर माफी. हो, माग. मत बदलण्याची अट त्याला नाही. तुझं मत आणि तुझं वाक्य या दोन गोष्टी आहेत. 'निकष आर्थिक असावेत' हे मत झालं, त्यावर दोघं तासभर बोलू शकता. 'खरं मेरिट' हा माणसावरचा शेरा झाला. मत ठेव आणि शेरा मागे घे. "कोणाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे मात्र लिहू नकोस, त्यात वाईट वाटणाऱ्याचीच चूक निघते. साधं लिही: "त्या दिवशी मी खरं मेरिट म्हणाले ते चुकीचं होतं. तू उठून गेलास ते मी पाहिलं होतं आणि तरी महिनाभर काही बोलले नाही. तुला चालेल तेव्हा भेटूया. बोलायचं नसेल तरी हरकत नाही." त्यात 'पण' घालू नकोस. 'मला माहीत नव्हतं' तर अजिबात नको, कारण त्यातून माहीत असतं तर बोलले नसते, असा अर्थ निघतो, आणि मग तो नसताना तुम्ही काय बोलता, हा प्रश्न त्याच्या मनात राहतोच.

मेसेज त्याला एकट्याला पाठव, ग्रुपवर नको. तो भेटायला तयार झाला तर कट्ट्यावर बसू नका, वेताळ टेकडीवर चालायला जा. शेजारी शेजारी चालताना माणसं समोरासमोर बसल्यापेक्षा सोपं बोलतात, आणि मध्ये गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. तिथे गेल्यावर आपलं म्हणणं पटवायला जाऊ नकोस. "तुझी बाजू सांग" असंही म्हणू नकोस. त्याच्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून बोलायला त्याने तीन वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेला नाही. "तुला यावर बोलायचं आहे का?" एवढं विचार. नाही म्हणाला तर बॅकलॉगबद्दल बोला, मेसच्या भाजीबद्दल बोला. आणि बोललाच, तर त्याचं संपेपर्यंत आपलं कॉलेज हुकल्याची गोष्ट मध्ये आणू नकोस. तिची वेळ येईल. तो उत्तरच देणार नाही, हेही शक्य आहे. तसं झालं तर दुसरा मेसेज करू नकोस, फक्त लॅबमध्ये पूर्वीसारखी वाग.

जागा बदलण्याला मी एवढं महत्त्व का देते, त्याला आपल्या गावातलाच दाखला आहे. 1895 साली राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, अधिवेशन पुण्यात भरलं. अधिवेशन झालं की त्याच मांडवात सामाजिक परिषद घ्यायची, अशी तोवरची रीत. समाजसुधारणेचे विषय तिथे निघत. पुण्यात यावरून इतकं तापलं की मांडव जाळण्याची भाषा झाली. न्यायमूर्ती रानड्यांनी त्या मांडवाचा हट्ट सोडला आणि परिषद वेगळ्या मांडवात भरवली. विषय त्यांनी सोडला नाही. व्हॉट्सअॅपचा ग्रुप हा तुमचा तापलेला मांडव आहे. तिथे चेहरा दिसत नाही, रात्री दोन वाजता लिहिलेलं सकाळी सगळे पुन्हा वाचतात, स्क्रीनशॉट भलत्याच माणसाकडे पोचतो. ग्रुपवर पिक्चरचे आणि ट्रेकचे बेत ठरवा, आणि तुमचा तो नियम असा बदला की वादाचा विषय निघाला तर समोरासमोर, सगळे असताना, आणि नको म्हणणाऱ्याला कारण न विचारता.

स्पर्धेबद्दल मी स्पष्टच सांगते, तो विषय तसा घेऊ नकोस. वक्तृत्व आणि वादविवादावर माझं प्रेम आहे, मी अनेक वर्षं मुलांना घेऊन करंडकांना हिंडले आहे. पण स्पर्धेत बाजू चिठ्ठीने मिळते, टाळ्या पडतात, घंटा वाजते आणि करंडक एकालाच मिळतो. आपल्या जुन्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं फक्त खोडत बसतात ती वितंडा. 'हवे की नको' म्हटलं की सभागृहात जल्प होणार, आणि प्रेक्षकांत बसलेल्या शंभरएक मुलांना आपण या कॉलेजात असावं की नसावं यावर टाळ्या पडताना ऐकाव्या लागणार. तुझ्या मित्राने ते सहाच जणांत ऐकलं होतं.

स्पर्धेला दुसरा विषय दे, आणि हा विषय वेगळा घे, बक्षिसाशिवाय. प्राचार्यांची परवानगी आधीच काढ. तीस-चाळीस जण पुरेत, खुर्च्या गोल मांडा. पहिली पंधरा मिनिटं कायदा शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकांनी फक्त तरतुदी सांगाव्यात, मत सांगू नये. प्रश्न नेमका ठेवा, म्हणजे 'प्रवेशातल्या आरक्षणाचे निकष कोणते असावेत' असा काहीतरी. 'आपल्या कॉलेजात बाहेरगावच्या मुलांना पहिल्या वर्षी काय जड जातं' हा तर मला त्याहून आवडेल. बोलणाऱ्याने आधी आपल्या आधी बोललेल्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि तो "हो, मी हेच म्हणालो" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला, म्हणजे आपल्या उत्तराला, हात घालायचा नाही, ही आपलीच जुनी शिस्त आहे. सुरुवातीला मुलांना ती कंटाळवाणी वाटते, मग दहाव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतं, "नाही, मी असं नव्हतो म्हणालो," आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं. कोणाला अडनाव बघून बोलायला उठवायचं नाही. ज्यांना उघड विचारायचं नाही त्यांच्यासाठी चिठ्ठ्या ठेवा. मोबाइल पिशवीत, शूटिंग नाही. रील होणार असेल तर कोणी मनातलं बोलत नाही. शेवटी हात वर करून मत मोजू नका. हात वर करायला लावण्याबद्दल मला काय वाटतं ते वर आलंच आहे.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी काढून सांगते. मेसमधल्या मांसाहाराचा वाद असो, गणपतीतल्या डीजेचा असो किंवा आंतरजातीय लग्नाचा, वरचं सगळं लागू पडतं ते जिथे दोन माणसं बरोबरीने बसली आहेत तिथे. कोणी वर्गात मुद्दाम रँक विचारत असेल, 'कोट्यातला' म्हणून हाक मारत असेल, खोलीत राहायला नकार देत असेल, तर तो छळ आहे, आणि छळ सोसणाऱ्याने संवाद साधत बसायचं नसतं. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा, विश्वासातल्या शिक्षकांना सांगा, कॉलेजच्या समान संधी कक्षाकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. जवळ उभ्या असलेल्या मित्रांनी तेव्हा "जाऊ दे रे" म्हणू नये. साक्षीदार म्हणून सही करावी.

तू त्यातली नाहीस. तसं असतं तर तू पत्र लिहिलं नसतंस. ग्रुप सोडून गेलेल्या मैत्रिणीलाही एकदा फोन कर, पत्रात ती एका ओळीत येऊन गेली आहे. ती कोणाच्या बाजूने चिडली होती हेसुद्धा तू लिहिलेलं नाहीस, बहुतेक तुलाही माहीत नसावं.

त्याचं सबमिशन खरंच चालू असेल तर ते संपू दे, मग मेसेज कर. टेकडीवर जायचं ठरलं तर उन्हं कलली की लगेच निघा आणि अंधार पडायच्या आत खाली या. आणि उतरल्यावर चहा तू पाज.

तुझी,
ताई